कर्णिक साहेबांचा सात नंबर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं एका जागी नेमानं भेटायला लागली की ते आपोआप साठतात, गच्चीवरच्या टाकीत गाळ साठतो तसे. एखाद्या दिवशी कुणीतरी झाकण उघडतं आणि मग कळतं, बाप रे, किती झालेत!

आमचे किस्से गोल्फचे आहेत म्हटलं की लोक आधी हसतात. अंबरनाथच्या केमिकल फॅक्टरीतली माणसं आणि गोल्फ? पण खेळायचो खरे. ऐंशीच्या दशकात, दर रविवारी सकाळी, वांगणीला. भात कापून झालं की बाळाराम पाटलाचं शेत आणि शेजारचा माळ रिकामा पडायचा. हिरवळ वगैरे काही नाही. बॉल पाडायच्या होलमध्ये झेंडा, त्याच्याभोवती वाळूत जळकं ऑईल कालवून सपाट गोल केलेले. खऱ्या गोल्फमध्ये तिथं 'ग्रीन' असतं, म्हणून त्यांना आम्ही 'ब्राऊन' म्हणायचो. खेळणारे तिघं. मी मेंटेनन्सचा, कुळगावात दवाखाना असलेले डॉक्टर पेंडसे आणि उल्हासनगरात खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा लालवानी.

चौथे कर्णिक साहेब. ते आमचे वर्क्स मॅनेजर. त्यांची गाडी गेटातून आत आली की लोक नसलेली कामं शोधून करायचे. रिटायर झाल्यावर बीपी वाढलं. डॉक्टरांनी सांगितलं, "रोज चाला."

"उगाच चालायला मला वेड लागलंय का? कुठं जायचं असेल तर सांग."

पुढच्या रविवारी डॉक्टर त्यांना वांगणीला घेऊन आले आणि लांबचा एक झेंडा दाखवून म्हणाले, "तिथं जायचंय."

*

साहेबांकडे आयर्नचा सेट होता. आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याचे क्लब. प्लांट उभारायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं जाताना भेट दिलेला. दिसायला इतका सुंदर की आम्ही तिघांनी तो पाळीपाळीनं हातात घेऊन पाहिला. सुरीच्या पात्यासारखी पातळ डोकी, आरशासारखं पॉलिश.

पण असल्या पातळ क्लबची एक खोड असते. बॉल बरोब्बर मध्यावर लागला तर काही कळतही नाही. जरा बाजूला लागला की दांड्यातून सणसणून कळ येते ती थेट कोपरापर्यंत. साहेबांच्या बोटांचे सांधे आधीच धरलेले. पहिल्या फटक्याला बॉल जेमतेम ढेकळापर्यंत गेला आणि साहेबांनी हात काखेत दाबून धरला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. सकाळभर हेच चाललं होतं.

बांधावर बसून बघत असलेला बाळाराम शेवटी न राहवून म्हणाला, "सायेब, त्या बॉलनी तुमचा काय वाईट केलाय?"

*

लालवानीचं म्हणणं, साहेबांचा सेटच चुकीचा आहे. या वयाला जाड, रुंद बुडाची आयर्न पाहिजेत, पाठीमागं खोलगट असलेली. मधलं वजन काढून कडेला दिलेलं असतं, त्यामुळं बॉल थोडा इकडंतिकडं लागला तरी क्लब हातात पिळवटत नाही, चूक माफ करतो. सिंगापूरला असलेल्या मेहुण्याकडून त्यानं तसा एक सात नंबर, म्हणजे मधल्या पल्ल्याचा क्लब, मागवलासुद्धा.

त्याच्या दुकानात साहेबांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला.

"हा माफ करतो म्हणतोस?"

"हां साहेब. गलती माफ."

"मग नको. चूक केली तर शिक्षा झाली पाहिजे. नाहीतर माणूस सुधारणार कसा?"

"साहेब, आपकी उमर में सुधरना किसको है?"

लालवानीचं दुकान अरुंद, वर रॅकेटी टांगलेल्या, खाली कॅरमबोर्डांची थप्पी. "नुसता एक फिराके देखो," असं त्यानं फार गळ घातली म्हणून साहेबांनी तिथंच स्विंग केला. क्लब वर गेला आणि ट्यूबलाइट खाली आली. काचा साहेबांच्या खांद्यावर. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. असं काही आपल्या हातून होऊ शकतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

लालवानीनं शांतपणे त्यांच्या शर्टावरच्या काचा झटकल्या. "वो वैसे भी जानेवाली थी, साहेब. अब बोलो, वजन कैसा लगा?"

साहेब तो क्लब घेऊन घरी आले.

*

तरी आठवडाभर तो कोपऱ्यातच उभा. शेवटी डॉक्टरांनी एक युक्ती काढली. त्यांनी दोन्ही क्लबच्या तोंडाला खडू फासला. बॉल जिथं लागेल तिथला खडू पुसला जाणार, म्हणजे फटका नेमका कुठं बसला ते दिसणार. साहेब जन्मभर टेस्ट रिपोर्टवर सह्या केलेला माणूस, त्यांना हे पटलं.

पातळ क्लबनं मारलं. खूण टोकाकडं, बॉल उजवीकडं बाभळीत, साहेबांचा हात काखेत. मग जाड सात नंबर. आवाजही वेगळा आला, दार हलकेच लावल्यासारखा. बॉल वर चढला, माळावरून सरळ गेला आणि ब्राऊनच्या अलीकडं टप्पा घेऊन थांबला.

साहेबांनी क्लब उलटा करून पाहिला. खूण पुन्हा टोकाकडंच, अगदी त्याच जागी.

त्यांनी खुणेकडं पाहिलं, लांबच्या बॉलकडं पाहिलं, परत खुणेकडं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "एवढं चुकलं, तरी गेला?"

फॅक्टरीत इतकी वर्षं काढली मी त्यांच्या हाताखाली. तो आवाज त्यांचा आहे हे मला ओळखू आलं नाही.

*

मग तसल्याच जाड आयर्नचा सेट आला. ग्रिप जाड करून घेतल्या, म्हणजे दुखरी बोटं फार आवळायला नकोत. तीन आणि चार नंबर, जे लांब पल्ल्याला असतात आणि मारायला सगळ्यात अवघड, ते घ्यायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं. साहेब हट्टानं जुन्या सेटमधले तीन आणि चार नंबर बॅगेत ठेवून फिरले. महिनाभर बॉल जमिनीतच घुसले. एका रविवारी त्यांनी ते दोन्ही बाळारामला देऊन टाकले.

त्या हिवाळ्यात बाळारामच्या वालाचा मांडव त्या दोन क्लबांच्या आधारानं उभा होता. साहेब त्याच्याकडं बघून म्हणाले, "तीन नंबर सरळ राहिलेला मी पहिल्यांदाच बघतोय."

*

मालतीबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, ग्राऊंडवर कधी यायच्या नाहीत. उन्हातान्हात बॉलमागं फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत बघण्यासारखं काय आहे, असं त्यांचं स्पष्ट मत. एकदा अंबरनाथला त्यांच्या घरी चहाला गेलो होतो. साहेब आत कपडे बदलत होते. मालतीबाई दाराकडं बघत खालच्या आवाजात म्हणाल्या,

"तुमच्या खेळातलं मला काही कळत नाही हो. पण दोन वर्षं यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. हल्ली हे स्वतःच लावतात."

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तो चालण्याचा परिणाम. आणि औषधाचा."

"असेल. पण ती काठी आणलीत त्याच्या आधी औषध होतंच की."

डॉक्टरांनी चहा संपवला.

*

नव्वद साल उलटल्यानंतर एका सकाळी साहेबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाऊल थोडं आलं, हात मात्र नाही. आम्ही भेटायला जायचो तेव्हा ते खिडकीकडं तोंड करून बसलेले असायचे. गोल्फचा विषय आम्ही काढायचो नाही. बॅग पलंगाखाली ढकललेली दिसायची.

पाऊस सरला, भातं कापून झाली. एका रविवारी वांगणीच्या माळावर आम्ही तिघं उभे होतो, तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. आतून आधी मालतीबाई उतरल्या, मग त्यांनी उजव्या बाजूनं धरून उतरवलेले साहेब. डाव्या हातात तो सात नंबर, काठीसारखा टेकत. शेताची ढेकळं ओलांडून आमच्यापर्यंत यायला त्यांना खूप वेळ लागला. मदतीला पुढं झालो तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"ऐकतच नाहीत," मालतीबाई म्हणाल्या. त्या रडकुंडीला आल्या होत्या. "डॉक्टर, तुम्ही तरी सांगा."

डॉक्टरांनी साहेबांकडं पाहिलं आणि खिशातून बॉल काढून मालतीबाईंच्या हातात दिला.

सगळ्यात कमी अंतराच्या होलसाठी जिथून पहिला फटका मारायचा, तिथं साहेब जाऊन उभे राहिले. वाकता येत नव्हतं. मालतीबाईंनी साडी सावरून खाली बसून त्यांच्यासमोर बॉल ठेवला, कुठं ठेवायचा ते विचारत विचारत. मग बाजूला झाल्या. साहेबांनी ग्रिप पोटाशी टेकवली, डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून तिच्यावर ठेवली आणि डाव्या हातानं ती धरली. तोल जाईल म्हणून लालवानी मागं हात पसरून उभा राहिला. बाळाराम बांधावरून उठून आला.

स्विंग कसला, अर्धवट झोका होता तो. बॉल टोकालाच लागला. पण उडाला, बुटका आणि सरळ, सुक्या कडक जमिनीवर टप्पा घेऊन पळत सुटला. बांधाच्या फटीतून पलीकडं गेला, ब्राऊनवर चढला, मंदावला. झेंड्याची काठी हलल्यासारखी वाटली, आणि बॉल दिसेना.

एका फटक्यात बॉल होलमध्ये. आम्ही तिघांनी इतकी वर्षं खेळून तसला फटका मारला नव्हता, पाहिलाही नव्हता. लालवानीचे पसरलेले हात तसेच राहिले. डॉक्टरांनी चष्मा काढला.

मालतीबाई डोळ्यांवर हात धरून झेंड्याकडं बघत होत्या. मग साहेबांकडं वळून म्हणाल्या, "अस्सं होय? रोज असाच जातो का तो?"

साहेबांनी आमच्याकडं एकदा पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "रोज."