तालीमसाहेब

रोगाची साथ नसताना साथ आली आहे असं धरून वागायचं, हे आमच्या साहेबांचं व्यसन होतं. चंदगड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी नव्यानं रुजू झाले, त्याच आठवड्यात ते जीपमधून उतरले आणि दारातूनच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, खालच्या वाडीत अर्धी माणसं जुलाबानं पडल्यात. काय करणार?" मी नर्सबाईंना जेवणावरून उठवलं, सलाईनच्या बाटल्या गाडीत भरल्या आणि धावतपळत वाडी गाठली. वाडी धडधाकट होती. बायका अंगणात काजूबिया वाळवत बसल्या होत्या. साहेब मागून आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उशीर झाला की."

मी त्या दिवशी मनातल्या मनात राजीनामा लिहिला. पुढेही बऱ्याचदा लिहिला.

साहेब तालुक्याचे आरोग्य अधिकारी, मूळचे पेठ वडगावचे. त्या भागात तालीम म्हणजे कुस्तीची; यांची तालीम साथीची. म्हणून सगळे त्यांना पाठीमागं तालीमसाहेब म्हणायचे. दर उन्हाळ्यात शाळा रिकामी करून तिथं दवाखाना मांडायचा. बाकं जोडून खाटा करायच्या, खिडकीच्या गजांना बाटल्या टांगायच्या. पेशंट नेहमी आमचा ड्रायव्हर शंकर. एकदा तो कंटाळून म्हणाला, "साहेब, कवातरी मला बरा करा की." साहेब हसले नाहीत. "पावसात ओढा चढला की तालुक्यातनं कोण येणार न्हाय. साथ काय पत्रिका पाठवून येती व्हय?" हे वाक्य ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

माझं लग्नही त्यांनी सोडलं नाही. आहेर दिला आणि थेट आचाऱ्याकडे जाऊन पाण्याच्या पिंपांत औषध घातलं. पंगतीत पाण्याला असा वास सुटला, की सासऱ्यांनी पहिल्याच घोटाला तांब्या खाली ठेवला. सासूबाई त्या पाण्याचा विषय वर्षभर माझ्यापुढं काढत होत्या. मी साहेबांकडे तक्रार केली. त्यांनी विचारलं, "कोण आजारी पडलं का?" नाही म्हटलं. "मग झालं की." या उत्तरावर भांडता येत नाही, हाच त्या माणसाचा खरा छळ होता.

तिसऱ्या पावसाळ्यात साथ खरोखर आली, आणि त्याच वाडीत. विहिरीत गढूळ पाणी उतरलं होतं. साहेब पाहणीला आलेले, ओढा चढल्यामुळे आमच्याकडेच अडकून पडले होते. सकाळी पहिली दोन मुलं वांत्या करत आली आणि कुणी कुणाला काही न विचारता शाळा उघडली, बाकं जोडली, बाटल्या टांगल्या. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. शंकर दर तालमीसारखा भोंगा लावून वाडीभर फिरला, "जुलाब-वांत्या होणाऱ्यांना शाळेत आणा." काही आले. कट्ट्यावरची माणसं मात्र हसत बसली. "साहेबांची तालीम हाय," ती एकमेकांना सांगत होती.

वाडीच्या टोकाला गंगूबाई नावाची म्हातारी होती. तिचा मुलगा मारुती यानंही भोंगा ऐकला आणि आईला म्हणाला, "उगं पडून ऱ्हा. नाटक हाय त्यांचं." दुपारनंतर त्यानं तिला पाठीवर घालून आणलं, तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. आम्ही दोन्ही हातांच्या शिरा शोधत राहिलो. म्हातारी गेली. बाकीचे सगळे वाचले.

व्हरांड्यात साहेब मारुतीसमोर उभे होते. मारुती ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ह्या वक्ताला खरं हाय, म्हणून कुणी सांगितलं न्हाय आम्हाला."

"बरोबर हाय तुझं," साहेब म्हणाले. "खोट्याची सवय मीच लावली तुम्हाला."

मला वाटलं, आता तरी थांबतील. पण उन्हाळा आला आणि तालीम ठरली. मी चिडून म्हणाले, "साहेब, अजून?" या वेळी मात्र ते स्वतः घरोघर जाऊन सांगत होते, "ही तालीम हाय. खरी साथ आली की भोंगा वाजणार न्हाय, तुमच्या वळखीचा माणूस दारात येईल." त्या वाडीसाठी त्यांना मारुतीच हवा होता. मारुतीनं दोनदा नाही म्हणून सांगितलं. साहेब तिसऱ्यांदा गेले, तेव्हा तो चपला घालून त्यांच्याबरोबर निघाला.

स्वाइन फ्लूच्या वर्षी मी कोल्हापुरात होते आणि वेगळ्या कक्षाची जबाबदारी माझ्यावर होती. खाटा, मास्क, औषधं, शिरोलीच्या कारखान्यांतून तपासणीला येणाऱ्या कामगारांची सोय, सगळं लावून मी वडगावला फोन केला. साहेब निवृत्त झाले होते, दम्यानं थकले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही पडला तर?"

"एक डॉक्टर नेमलाय, साहेब."

"आणि त्यो पडला तर?"

"बघू," म्हणून मी फोन ठेवला. शाबासकीचा एक शब्द नाही. दोन दिवस धुसफुसत काढले आणि मग मुकाट्यानं तिसरा माणूस शोधला. महिन्याभरात मला ताप आला, पाठोपाठ त्या डॉक्टरला. कक्ष चालू राहिला.

हे सांगायला पुन्हा फोन केला, तर साहेबांच्या पत्नीनं, काकूंनी उचलला. साहेब जाऊन आठवडा झाला होता.

काकूच म्हणाल्या, "तुमचा फोन आला तर विचार म्हणालते. तिसरा माणूस नेमलासा का?"

"नेमला," मी म्हणाले.