बालदिनाचं ऊन

साठ सालानंतरची काही वर्षं मी पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या पुढे, एका डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवर शिक्षिका होते. माझं माहेर महाडला, बाजारपेठेच्या मागच्या आळीत. शाळा म्हणजे कौलारू खोली आणि तिला लागून पडवी. शिकवणारे आम्ही दोघंच, हेडमास्तर आणि मी. हेडमास्तरांना सगळी वाडी गुरुजी म्हणायची. निवृत्तीला आलेले, अबोल, गुडघ्यांनी अधू. त्यांचं घर महाडपलीकडे, नाते गावात होतं आणि बायको संधिवातानं अंथरुणाला खिळलेली. शनिवारी शाळा सुटली की ते पोलादपूरपर्यंत एक यष्टी, तिथून महाडपर्यंत दुसरी आणि मग नात्याची, अशा गाड्या पकडत घरी पोचायचे. सोमवारी सकाळी तोच प्रवास उलटा.

दिनविशेषाचं काम माझ्याकडे होतं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूनं चौकट आखायची आणि त्यात लिहायचं, आजच्या तारखेला कोण जन्मलं, कोण वारलं, कुठला तह झाला. रविवारी महाडच्या वाचनालयात बसून मी पुढच्या आठवड्याचं टिपून आणायची. मुलं मोठ्यानं वाचायची आणि पाढे सुरू झाले की विसरायची. एकदा एका पोरीनं हात वर केला.

"बाई, आज आमची म्हस व्याली. ता पन लिवा."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग आपापल्या गोठ्यातली बातमी घेऊन आला, तेव्हा ते बंद करावं लागलं.

फळ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण दिवस नुसते लिहून चालत नव्हतं, साजरे करावे लागत. वरून परिपत्रक यायचं: अमुक सप्ताह पाळावा, प्रभातफेरी काढावी, भाषण करावं, अहवाल पाठवावा. पावसाळ्यात टपाल अडकलं की परिपत्रक दिवस उलटून गेल्यावर हाती पडे, आणि आम्ही गेलेला दिवस नव्यानं साजरा करत असू. चारी बाजूंना रान असलेल्या वाडीत आम्ही वनमहोत्सवाची रोपं लावायचो. ती गुरं खायची. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं. स्वच्छता सप्ताह नेमका लावणीत आला, तेव्हा फेरीत मी, गुरुजी आणि शेतात जाण्याइतकी मोठी न झालेली पोरं. "स्वच्छता राखा" असं ओरडत आम्ही वाडीभर हिंडलो. ऐकायला एक आंधळी म्हातारी होती आणि कोंबड्या होत्या.

मी राहायची ते घर एका काकीचं होतं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. शेत, गुरं, सासू, दोन मुली, सगळं तिच्या अंगावर. सकाळी चुलीपाशी भाकऱ्या थापताना ती मला रोज विचारायची, "बाई, आज कसला दिस हाय गो?"

मी सांगायची. कधी झाडांचा, कधी बचतीचा, कधी झेंड्याचा.

"आनि आराम करायचा दिस कंदी येतो?"

"तो अजून निघाला नाही, काकी."

ती हसायची नाही. भाकरी उलटायची.

एका वर्षी बालदिनाचं परिपत्रक वेगळं आलं. सगळ्या शाळांनी मुलं घेऊन पोलादपूरला जमायचं, पाहुणे येणार, मुलांना खाऊ वाटणार. दिवस भातझोडणीचे. भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या रचून झालेल्या, खळी सारवलेली, आणि घरोघरी लहानसहान हातसुद्धा हवे होते. गुरुजी आणि मी दारोदार फिरलो. आया कुरकुरल्या. काकी म्हणाली, "पोरींना नेतंस ने. पन दुपारच्याला आन. माझी पाठ मोडली हाय."

"दुपारपर्यंत येतो," गुरुजींनी शब्द दिला.

उजाडताच निघालो. यष्टीत एवढी मुलं कोण घेणार, म्हणून चालतच. धुकं होतं, गवतावर दव होतं, मुलं खुशीत होती. निम्म्यांच्या पायांत काही नव्हतं. पोलादपूरला पोचलो तेव्हा मैदानात चुन्यानं रेघा आखलेल्या होत्या. प्रत्येक शाळेला एक रेघ. त्यावर मुलांना उभं केलं. समोर मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांमागे टेबलावर बुंदीच्या लाडवांच्या पाट्या, वर्तमानपत्रानं झाकलेल्या.

पाहुणे आले नव्हते. महाडहून निघाले आहेत असं सांगितलं गेलं. मग महाडला पोचायचे आहेत असं कळलं. कार्तिकातलं ऊन आमच्याकडे सकाळी गोड वाटतं आणि नंतर डोक्यात शिरतं. मांडवाची सावली खुर्च्यांवर होती आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. मुलांनी गाणी म्हणून दाखवली, कोणालाच. गाणी संपली. मग ती नुसती उभी राहिली. कुणी बसलं की शिट्टी वाजायची.

व्यवस्था बघणारे एक गृहस्थ होते, घामानं निथळलेले. मी त्यांना म्हटलं, "मुलांना सावलीत बसवू का?"

"रेघा मोडतील हो. पाहुणे कोणत्याही क्षणी येतील."

"मग खाऊ तरी देऊ या. पहाटेपासून उपाशी आहेत."

"खाऊ त्यांच्या हस्ते द्यायचाय बाई. फोटोवाला बोलावलाय."

ते वाईट नव्हते. त्यांचंही पोट रिकामं असावं. मी परत रेघेपाशी आले. काकीची धाकटी पोर, दुसरीतली, माझा पदर ओढत म्हणाली, "बाई, आज कुनाचा दिस हाय?"

"तुमचा. मुलांचा."

तिनं जरा विचार केला. "मंग आमी घरी जावं?"

मी गुरुजींकडे बघितलं. ते शेजारीच उभे होते, एका पायावर भार देऊन. त्यांनी ते ऐकलं होतं. त्याच वेळी शेजारच्या शाळेतली एक मुलगी उभ्या उभ्या कोसळली. तिच्या मास्तरांनी तिला उचलून मांडवात नेलं, पाणी मारलं, आणि ती डोळे उघडताच ओळीत आणून उभी केली.

गुरुजी म्हणाले, "बाई, आपली मुलं मोजा."

"कशाला?"

"निघू या. दुपारचा शब्द दिलाय."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत ज्यांनी एक परिपत्रक परतवलं नव्हतं, ते हे असं सहज म्हणाले, जणू घंटा झाली होती. मग ते टेबलापाशी गेले, एका पाटीवरचं वर्तमानपत्र बाजूला केलं आणि आमच्या मुलांपुरते लाडू धोतराच्या सोग्यात घेतले. ते गृहस्थ धावत आले.

"गुरुजी, हे काय? मला वर कळवावं लागेल."

"कळवा," गुरुजी म्हणाले. आवाज चढवला नाही.

आमची ओळ मैदानातून बाहेर पडली. बाकीच्या शाळा बघत राहिल्या. आमच्यामागून कोणी आलं नाही. गावाबाहेर आंब्याखाली मुलं बसली, लाडू खाल्ले, ओढ्याचं पाणी प्यायली. लहानग्यांना आलटून पालटून कडेवर घेत आम्ही वाडी गाठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाहुणे दिवे लागायच्या सुमारास आले आणि मोटारीतून उतरून लगेच पुढे गेले, हे नंतर कळलं.

काकी खळ्यावर होती. मुलींना बघून तिनं मोठीच्या हातात पेंढी दिली आणि मला म्हणाली, "बस गो जरा. तोंड काळं पडलंय तुजं."

महिन्याभरानं खुलासा मागणारं पत्र आलं. मी म्हटलं, दोघांनी सही करू. गुरुजींनी ऐकलं नाही. "तुमची पुष्कळ नोकरी राहिलीय," एवढं बोलून त्यांनी एकट्यांनी सही केली. उत्तरात लिहिलं होतं की मुलांना ऊन लागत होतं, म्हणून परत नेली. आणखी काही नाही.

त्यांची बदली झाली. वरच्या डोंगरातली एकशिक्षकी शाळा, जिथून यष्टीपर्यंत यायचं तर आधी डोंगर उतरायचा. निवृत्तीला थोडकाच काळ राहिला होता. शनिवारी ते काठी टेकत उतरायचे आणि आमच्या पडवीत चहाला थांबायचे. पाय घोट्यापर्यंत सुजलेले असायचे. बऱ्याचदा नात्याची शेवटची गाडी चुकायची, मग महाडच्या स्टँडवर बाकावर रात्र काढायची. मी एकदा न राहवून विचारलं, "गुरुजी, पस्तावा होतो का?"

"पस्तावा कसला? पाय दुखतात, एवढंच."

बशीतला चहा संपवून ते उठले, तर गुडघा सरळ व्हायला वेळ लागला. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, आधी कधी धरला नव्हता.

ते निवृत्त झाले आणि नात्याला गेले. निरोपसमारंभ कुणी केला नाही. मी आणि काकीनं नव्या तांदळाची एक पिशवी त्यांच्याबरोबर दिली.

पुढच्या बालदिनाला परिपत्रक पुन्हा आलं. नवे हेडमास्तर तरुण होते, उत्साही. आम्ही दारोदार गेलो. पहिल्याच दारात काकी उभी राहिली.

"पोरं नाय धाडनार."

"काकी, सरकारी कार्यक्रम आहे," नवे हेडमास्तर म्हणाले.

"सरकारला सांगा, झोडनी हाय."

शेजारणीनं तेच सांगितलं, तिच्या शेजारणीनंही. हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मीसुद्धा चालत जाणार नाही. पाहिजे तर माझा खुलासा मागवा." त्यांनी मागवला नाही. पोलादपूरला ते एकटेच जाऊन हजेरी लावून आले.

त्या दिवशी मी वेळेवर शाळा उघडली. फळा पुसला, चौकट आखली, "बालदिन" असं लिहिलं. एकही मूल आलं नाही. सगळी खळ्यांवर होती. चहूकडून झोडणीचा आवाज येत होता, आणि मधूनच पोरांचं हसणं. मी उन्हातली चटई पडवीच्या सावलीत ओढली, पदर तोंडावर घेतला आणि दुपार टळेपर्यंत गाढ झोपले.