उजव्या हाताचा घास

२००३ साली न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेलो, तेव्हा माझ्याकडे वेळ सोडून काही नव्हतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मी. नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि दोन वर्षांची लेक घास बघितला की तोंड फिरवायची. नागपूरला असते तर चार बायकांनी तिला बोलता बोलता भरवलं असतं. इथे मी वरणभाताची वाटी घेऊन तिच्यामागे लॉनभर धावायचे. चिऊ-काऊ कुठून आणू? मी खारींच्या नावाने घास भरवायचे.

आमच्या खालच्या घरातले म्हातारे गृहस्थ खिडकीतून आमच्याकडे बघत वहीत काहीतरी खरडायचे. मला राग येई. एकदा तावातावाने विचारलंच, तर त्यांनी वही पुढे केली. पानभर मीच होते, वाटी हातात आणि कपाळाला आठ्या. हुबेहूब काढलेल्या त्या आठ्या बघून मला हसू फुटलं.

ते बेल्जियमचे चित्रकार होते. तरुणपणी इकडे आले आणि इथलेच झाले. लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढून पोट भरायचं आणि स्वतःसाठी मोठी तैलचित्रं रंगवायची, असं त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या तैलचित्रांत त्यांच्या गावचं राखाडी आभाळ आणि कालवे असायचे. ती कोणी फारशी विकत घेतली नाहीत, त्यामुळे घरात भिंत म्हणून दिसत नसे. आता त्यांच्या हातात जेवायला कंटाळा करणाऱ्या एका भारतीय मुलीच्या गोष्टीच्या पुस्तकाचं काम होतं. आई साडीतली हवी होती आणि मूल हट्टी. "दोन्ही वरच्या मजल्यावर राहतात, हे माझं नशीब," ते म्हणाले.

मी घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं जा ना यार. नेटवर सर्च केलं मी, बरीच पुस्तकं आहेत त्यांची. तुझा पण टाइमपास होईल." टाइमपास म्हणे. पुण्याच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

दर गुरुवारी मी सुटकेसमधली सुती साडी नेसून लेकीला घेऊन खाली जाऊ लागले. लग्नात आईने दिलेल्या त्या साड्यांची घडीसुद्धा इथे आल्यापासून मोडली नव्हती. ते मला मादाम म्हणायचे आणि बटाट्याच्या जाड फोडी दोनदा तळून खायला द्यायचे. एकदाच तळलेल्या बटाट्याला ते बटाटा मानत नसत. तो वास, शाईचा वास आणि खिडकीतलं ऊन. माझे त्या देशातले सर्वांत सुखाचे दिवस ते.

काम करायची त्यांची पद्धत अशी. जमिनीवर अंथरतात त्या लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र काढायचं, ते कोरायचं, वर शाई फिरवायची आणि कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचा. कागदावर चित्र उलटं उमटतं, डावं ते उजवं होतं. म्हणून तुकड्यावर आधीच उलटं काढावं लागतं. "हे मी ठरवून करत नाही," ते म्हणायचे, "इतक्या वर्षांत हातालाच सवय झालीय."

पहिला छाप त्यांनी कौतुकाने माझ्यासमोर धरला. लेकीच्या फुगलेल्या गालांवर मी खूश झाले आणि मग माझं लक्ष हाताकडे गेलं.

"हे काय? मी डाव्या हाताने भरवतेय? आणि पदर उजव्या खांद्यावर? आमच्याकडे कोणी पुस्तक पुढे वाचणार नाही."

मला वाटलं, हसतील. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. पुढच्या गुरुवारी दुसरा छाप दाखवला. त्यातही डावाच हात.

"मी उलटं करायला विसरतोय," ते म्हणाले. "माझ्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आधी हाताची सवय गेली, मग तो माणसं विसरला." मग म्हणाले, "हे पुस्तक तेवढं पुरं करू दे. प्रकाशकाला कळलं तर कॉम्प्युटरवर काढणाऱ्या कोणाला तरी देतील."

मी लेकीला घेऊन वर आले, पण कशात लक्ष लागेना. पुढच्या गुरुवारी आरशासमोर साडी नेसताना खांद्यावर पदर टाकला आणि थबकले. आरशातल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता, अगदी त्या छापातल्यासारखा. तशीच, निऱ्या न खोचता, दारामागचा उंच आरसा काढून खाली निघाले. लेक रडत मागे.

"माझ्याकडे बघूच नका," मी म्हणाले. "आरशात बघा आणि दिसेल तसं काढा. विसरलात तरी चालेल."

त्यांनी आरसा भिंतीला टेकवला. मी त्यांच्याकडे पाठ करून आरशासमोर बसले आणि घास उचलला. त्या दिवसाचा छाप निघाला तेव्हा पदर डाव्या खांद्यावर होता आणि घास उजव्या हातात. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आम्ही दोघंही रडलो, आणि त्याची लाज वाटली नाही.

वर्षभर असंच चाललं. लेक आरशातल्या मुलीकडे बघत म्हणायची, "दॅट बेबी इज ईटिंग," आणि गपागप जेवायची. ती पोटभर जेवायची ती तिथेच.

पुस्तक छापून आलं. लगेचच नवऱ्याला दूर दक्षिणेत, कॅरी गावात नोकरी लागली आणि आम्ही निघालो. आरसा मी त्यांच्याकडेच ठेवला.

२००८ मध्ये कोणाच्या तरी मुंजीसाठी न्यू जर्सीला गेलो, तेव्हा मुंजीच्या साडीतच मी आणि लेक त्यांना भेटायला गेलो. ते आता वृद्धाश्रमात होते. मी समोर उभी राहिले, पुस्तक दाखवलं, लेकीला पुढे केलं. ते सभ्यपणे हसले आणि विचारलं, "आपण कोण?"

कल्पना होती, तरी जिव्हारी लागलं. डोळे पुसायला मी तोंड फिरवलं. भिंतीशी आमचा तो उंच आरसा होता. त्यात बघून मी पदर सारखा करू लागले, तोच मागून आवाज आला.

"उशीर केलात, मादाम. बसा. बाळाला भूक लागली असेल."

आरशात ते थेट माझ्याकडे बघत होते. ओळखीचं, जुनं हसू होतं. हात पेन्सिल शोधत होता.

"मॉम, व्हाय इज ही टॉकिंग टू द मिरर?" लेकीने हळूच विचारलं.

मी तिला जवळ ओढलं आणि आरशासमोर खाली बसले. मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर पुन्हा अनोळखी झाले असते.