कासमभाईंचा डबल बास

कासमभाई माणसाच्या चेहऱ्याआधी पाय बघत. मूकपटाच्या थिएटरात मी पहिल्यांदा फिडल काखोटीला मारून गेलो, तेव्हा आपल्या डबल बासच्या तारा लावता लावता, मान वर न करताच ते म्हणाले, "मास्तर, चप्पल चावती वाटतं. बसा, मग वाजवा." पंचवटीतून चालत आलो होतो, चप्पल खरोखरच चावत होती. ओळख ना पाळख आणि हा गृहस्थ पाय न्याहाळतो, म्हणून मी मनातून चिडलो होतो.

त्यांचा डबल बास म्हणजे माणसाहून उंच, जाड्या सुराचं फिडलच. तो उभ्यानेच वाजवावा लागे. कुणी म्हणालं, "भाई, तुमचं वाजवणं कानावर येत नाही," तर ते म्हणत, "आपण भिंत हाय. चित्रं तुम्ही टांगा. भिंत कोण बघतो?"

बोलपट आले आणि पडद्यासमोरची आमची बाकडी उचलली गेली. मी पोरांना शिकवू लागलो. कासमभाईंनी मात्र दिसेल ते काम धरलं. लग्नाच्या बँडात मोठा पितळी भोंगा, मेळ्यात ढोलकी, आणि शनिवारी देवळालीच्या क्लबात गोऱ्यांच्या नाचाला जाझ. तिथे मीही असे. वरातीत एखाद्या म्हातारीचे पाय रेंगाळले की त्यांचा भोंगा आपसूक संथ होई आणि सगळी वरात तिच्या चालीने चाले. लोक त्यासाठी त्यांनाच बोलवत. पण पन्नाशी उलटली होती आणि माणूस पार थकला होता. "एक जागा, एक बाजा, एक वर्दी," ते म्हणत. "बस्स, मास्तर. आता दुसरं काय नको."

तशी जागा चालून आली. मुंबईच्या एका हॉटेलातला बँडमालक कासमभाईंना ऐकायला क्लबात आला. बारमाही नोकरी होती. कासमभाई दिवसभर वरातीत भोंगा फुंकून तसेच आले होते, तरी बास असा वाजवला की मीच वाजवायचं विसरलो. मग एक वयस्क साहेब मडमेला घेऊन नाचायला उतरला. थोड्याच वेळात बासचा ठेका सैलावला. त्याच्यामागे ड्रम सैलावला, मग आम्ही सगळेच. बँडमालक हसून म्हणाला, "हात सुरेख आहे तुमचा. पण आमच्याकडे नाचणारे बदलतात, ताल बदलत नाही."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडलोच. ते पायरीवर टेकले. "बाईचे पाय सुजले होते, मास्तर. दिसलं मला. दिसल्यावर काय करायचं?" मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्याइतकं जवळचं माणूसही त्या घटकेला दुसरं कुणी वाटत नव्हतं.

बँडमालकाकडचा डबल बास तडकला होता. त्याने कासमभाईंचा मागितला, त्यांनी देऊन टाकला. का दिला, ते मी विचारलं नाही. नाशिकरोडला आम्ही तो गाडीत चढवायला गेलो. हमाल ब्रेकच्या, म्हणजे सामानाच्या डब्यात तो भिंतीला टेकवून उभा करू लागला, तसे कासमभाई पुढे झाले.

"उभा नको रे भाऊ. आडवा ठेव. लय वर्षं उभा राहिला बिचारा."

हमालाने तो आडवा ठेवला. कासमभाई येऊन बाकावर बसले. गाडी हलली, गेली, फलाट रिकामा झाला, तरी ते उठले नाहीत.