हैद्राबाद जवळ आलं

धुळाजीला अंतराचं एकच माप ठाऊक होतं, मुक्काम. मेंढरं घेऊन अंबडहून गोदाकाठी शहागडला जायचं तर वाटेत किती रात्री रानात काढायच्या, एवढाच त्याचा हिशेब. हैद्राबाद त्याच्या लेखी परमुलूखच. दुसरं महायुद्ध संपल्यावर निजामाच्या राजधानीत प्रवासी विमानांची वर्दळ वाढली आणि त्याचा एकुलता एक मुलगा भुजंग तिथल्या विमानतळावर नोकरीला लागला, तेव्हा पोरगं हातचं गेलं असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली होती.

पण दिवाळीला भुजंग आला तो पाटलून घालून आणि जिभेचा पट्टा सोडून. सकाळी हैद्राबादेहून उठलेलं विमान दुपारी दिल्लीत असतं, असं त्यानं पारावर सगळ्यांना ऐकवलं. आपण कितीदा तरी त्यात बसलो, साहेबलोकांचं आपल्यावाचून पान हलत नाही, हेही वर जोडलं. मग इथं यायला किती वेळ लागेल, असं त्याच्या आईनं, जयवंताबाईनं विचारलं. दीड तास, तो म्हणाला. शिवाय गावामागच्या माळावर विमान सहज उतरेल, असंही ठोकून दिलं. म्हातारी हरखली. लेकरू पलीकडच्या गल्लीत राहायला आलंय, असं तिला त्या दिवसापासून वाटू लागलं. कुणाचं काय गेलं त्यात? म्हणून कुणी त्याला खोदून विचारलं नाही.

फाल्गुनात तिच्या पोटात कळ उठली. भुजंगला तार गेली. दुसऱ्या दिवशी पोट दगडासारखं झालं, तेव्हा वैद्यानं हात टेकले आणि जालन्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. शेजारच्या बद्रीनाथनं बैलगाडी जुंपून दारात आणली. पण जयवंताबाई उठेना.

"भुजंग निघाला आसंल," ती म्हणाली. "आपुन इथून हाललो तं लेकरू आपल्याला कुठं हुडकंल?"

दुसऱ्या कुणाला हे पटलं नसतं. धुळाजीला पटलं. रानात एखादं माणूस चुकलं की ते परत येईपर्यंत मेंढपाळ आपला तळ हलवत नाहीत, कारण हललेला तळ चुकल्या माणसाला सापडत नाही. हा रिवाज पाळून त्याची माणसं जन्मभर एकमेकांना सापडत आली होती. त्यानं आपल्या हातानं बैल सोडले. विमानाला माळ मोकळा हवा म्हणून मेंढरंही कोंडून ठेवली. ती उपाशी ओरडत राहिली, आणि जयवंताबाई अंगणात बाजेवर पडून आभाळाकडं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. आभाळात साधी घारही नव्हती. पुतण्यानं अग्नी दिला.

भुजंग पोचला तो राख सावडायच्या दिवशी, रेल्वेनं जालन्याला उतरून, पायी. बापापुढं बसून त्यानं खरं काय ते सांगितलं. विमानात तो एकदाही बसला नव्हता. खाली उभं राहून साहेबांच्या पेट्या वर चढवायचा, एवढंच त्याचं काम. रजा मिळायलाच एक दिवस गेला होता.

म्हातारा आता काठी उचलणार, असं बद्रीनाथला वाटलं. उचलली असती तर पोरगं सुटलं असतं. पण धुळाजी हळूच बोलला.

"तू लांब हाईस म्हनला आस्तास, तं आमी गाडीत बसलो आस्तो. जवळ हाईस म्हनलास, म्हनून थांबलो."