ओलं उपरणं

महिपती गवसाने हा मुळातच भांडखोर माणूस. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं कुणीतरी म्हणेल की पक्षानं बिघडवला. पक्षानं नुसतं त्याच्या भांडणाला कारण पुरवलं. होटगीहून सतराव्या वर्षी तो सोलापूरच्या मार्केट यार्डात हमालीला आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं एका मुकादमाच्या कानाखाली जाळ काढला. मुकादम त्याला गेटाबाहेर फेकणारच होता, तेवढ्यात हुसेनसाब नावाचा एक जवान हमाल मध्ये पडला. "याला माझ्या जोडीला द्या," तो म्हणाला. "मी बघतो त्याच्याकडं."

कांद्यानं भरलेली गोणी माणसाला स्वतःच्या पाठीवर स्वतः घेता येत नाही. ती मागून दुसऱ्यानं चढवावी लागते. म्हणून हमालांच्या जोड्या असतात, आणि जोडी एकदा जमली की कुणी सहसा मोडत नाही. गोणी तिरकी पडली तर खालच्याचा मणका गेलाच. महिपती पाठ द्यायचा, हुसेनसाब चढवायचा. एक दमला की दुसरा पाठ द्यायचा. असं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चाललं, आणि मागं कोण उभा आहे हे महिपतीनं कधी वळून बघितलं नाही.

राजकारणात मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना. महिपती शिडीच्या चिन्हाचा, हुसेनसाब कुलपाच्या. महिपती शिडीवाला का, तर बापूसाहेबांमुळं. खासदार बापूसाहेबांनी एकदा भर सभेत स्टेजवरून त्याला नावानं हाक मारली होती. "काय महिपती, बरं हाय का?" एवढंच. तेवढ्यावर हा बाबा पंचवीस वर्षं सतरंज्या उचलत राहिला. हुसेनसाब कुलूपवाला, कारण कुलूपवाल्यांनी त्याच्या गल्लीत पाण्याची टाकी बांधून दिली होती. टाकीत पाणी कधी आलं नाही ही गोष्ट वेगळी. पण दोघांची निष्ठा अशी की सख्ख्या भावालाही एवढी कुणी दाखवत नाही.

आधी त्यात गंमत होती. जेवताना एकमेकांच्या नेत्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, हसायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. मग गेल्या सात-आठ वर्षांत काय झालं कोण जाणे. दिल्लीत सभागृहात कुणी कुणाला गद्दार म्हटलं की संध्याकाळी यार्डात त्याचे पडसाद. कुलूपवाले सरकारात होते आणि शिडीवाले विरोधात. दोघांचंही म्हणणं एकच, की देश विकला जातोय. वाद फक्त विकतोय कोण यावर. मोबाइलवर दिवसभर तेच. रागावून रागावून माणसांची तोंडं वाकडी झाली, आणि तिकडं दिल्लीत हेच पुढारी एकमेकांच्या घरच्या लग्नांत जिलेबी खात होते. यार्डातल्या हमालांनी मात्र ताटं वेगळी केली. महिपती आणि हुसेनसाब एकमेकांच्या पाठीवर गोणी चढवायचे, पण मुक्यानं. त्यात कुणीतरी जातीधर्माचं विष कालवलंच. महिपतीच्या मोबाइलवर हुसेनसाबच्या लोकांबद्दल काय काय यायचं, आणि महिपती ते खरं मानायचा. ज्याच्या हातात रोज आपला मणका देतो, त्याच्याबद्दल!

लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, मतं मोजत होते त्या गोदामाबाहेर, रस्त्याच्या एका अंगाला शिडीवाले, दुसऱ्या अंगाला कुलूपवाले. मधे पोलिसांनी बांबू बांधलेले. महिपती सकाळची एक गाडी रिकामी करून तसाच आला होता. गोणी ओढायचा लोखंडी आकडा कमरेला. सहाव्या फेरीला बापूसाहेब भरघोस मतांनी पुढं. बापूसाहेबांचा पुतण्या पृथ्वीराज जीपच्या दारात उभा राहून ओरडला, "उधळा रे! आता कोण आडवतंय?" मोजणी संपायच्या आत गुलाल लावू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण जीपभर गुलाल आणलाच होता. हलगी कडाडली, पोती फुटली आणि पाचशे माणसं पायापासून केसांपर्यंत लाल झाली. महिपती सगळ्यांत लाल.

दुपारनंतर आघाडी वितळायला लागली. चारच्या सुमारास बापूसाहेब मागं गेले आणि दिवस मावळायच्या आत पडले. हलगी बंद. अंगावरचा गुलाल तर लपवता येत नाही. पलीकडून कुलूपवाले नाचत आले आणि "लाल माकडं! लाल माकडं!" म्हणून हातवारे करायला लागले. एक चप्पल आली. मग दगड आला. पृथ्वीराजनं जीपच्या मागच्या बाजूनं काठ्यांचा भारा सोडला. "सायबांची अब्रू रस्त्यावर पडलीय आणि तुमी बगत ऱ्हाताय? हात न्हाईत का तुमाला?" असं म्हणून त्यानं काच वर केली आणि जीप निघून गेली. या पुढाऱ्यांच्या गाड्यांना भांडण पेटवायच्या वेळी रस्ता बरोबर सापडतो.

पुढं जे झालं त्याला मारामारी म्हणणं कमीच. माणसं माणसांना खाली पाडून तुडवत होती. एका पोराचे पुढचे दात रस्त्यावर पडले आणि तो ते शोधत रांगत होता, तर त्याच्या पाठीत कुणीतरी लाथ घातली. एका म्हाताऱ्याच्या कानातून रक्त येत होतं. महिपतीनं दोघांना लोळवलं. तिसऱ्याचं डोकं त्यानं एका दुकानाच्या शटरवर असं आपटलं की शटर वाकलं. त्याला मजा येत होती. हे खोटं कशाला सांगायचं? दुपारपासूनची शरम हातातून बाहेर पडत होती. मग घामाबरोबर गुलाल डोळ्यांत उतरला आणि त्याला दिसेना. डोळे चोळत, शिव्या देत तो भिंतीला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात त्याच्या गळ्याशी काहीतरी गार, ओलं लागलं. त्यानं एक डोळा किलकिला केला. जांभळं उपरणं. कुलूपवाल्यांचं.

आता हे समजून घ्यायला हवं. आपल्याकडं माणूस पक्ष बदलतो तेव्हा काय करतात? गळ्यात उपरणं घालतात. फोटो काढतात, झाला प्रवेश. महिपतीला वाटलं, हरलोय म्हणून ही माणसं आता भर रस्त्यात माझ्या गळ्यात त्यांचं उपरणं घालतायत. त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कमरेचा आकडा काढून त्यानं समोरच्या अंगावर घातला. आकड्याचं टोक खांद्याच्या सांध्यात रुतलं. आणि आयुष्यभराची सवय, रुतलेला आकडा ओढायचा. गोणी ओढतात तसा त्यानं तो सगळ्या जोरानं ओढला.

समोर हुसेनसाब होता. तो ओरडलासुद्धा नाही. खाली बसत गेला, आणि एवढंच म्हणाला, "आरं महिपा, पाणी हाय ते. डोळं पुसायला आणलंतं."

नळावर भिजवायला त्याच्याकडं दुसरं फडकं नव्हतं. गळ्यात होतं तेच त्यानं भिजवलं होतं. महिपतीला ते तिथंच, त्याच क्षणी कळलं. कळून उपयोग काय? उजवा खांदा उसवला होता आणि आतलं पांढरं हाड दिसत होतं. पोलिसांच्या काठ्या पाठीवर पडेपर्यंत महिपती त्या उपरण्यानं रक्त दाबत बसला होता.

पाच महिने तो जेलात राहिला. बजाबाई, म्हणजे त्याची बायको, बापूसाहेबांच्या बंगल्यावर चपला झिजवत राहिली. साहेब दिल्लीला गेलेत. साहेब विश्रांती घेतायत. साहेब बैठकीत आहेत. हुसेनसाबच्या दारातही कुलूपवाल्यांचा कुत्रा फिरकला नाही. त्याचं दोनदा ऑपरेशन झालं. हात कोपरापर्यंत हलायचा, खांद्यातून नाही. त्याची हमाली संपली होती.

महिपती जामिनावर सुटला त्याच आठवड्यात दिल्लीत चमत्कार झाला. शिडीच्या श्रेष्ठींनी देशाच्या स्थैर्यासाठी कुलूपवाल्यांच्या सरकारात जायचं ठरवलं. ज्यांना देश विकणारे म्हटलं त्यांच्याच मांडीला मांडी. निवडणुकीत पडलेले बापूसाहेब मागच्या दारानं राज्यसभेवर गेले आणि राज्यमंत्री होऊन सोलापूरला आले. सत्काराला महिपती मैदानाच्या मागच्या कडेला उभा होता. साहेबांच्या गळ्यात दोन्ही पक्षांची उपरणी, आणि चेहऱ्यावर तेच हसू. "निवडणुकीच्या धामधुमीत कुठं किरकोळ बाचाबाची झाली असेल," बापूसाहेब माइकवरून म्हणाले, "ती आता विसरून जायची. देश मोठा आहे."

किरकोळ. महिपतीच्या कानात तो शब्द रुतला. घरी येऊन त्यानं भिंतीवरचा साहेबांचा फोटो काढला आणि उंबऱ्यावर आपटून त्याच्या काचेचा चुरा केला. तळहात चिरला तरी थांबेना. बजाबाई स्वयंपाक सोडून उठलीसुद्धा नाही. "आता फोडून काय उपेग?" ती म्हणाली. "तवाच फोडायचा व्हता."

मग पृथ्वीराजचा निरोप आला. दोन्ही पक्ष एक झालेत, तेव्हा केस मिटवायची. हुसेनसाब कोर्टात सांगेल की तो ट्रकवरून पडला आणि लोखंडात खांदा अडकला. महिपतीनं फक्त गप्प बसायचं. निर्दोष सुटेल, पुन्हा यार्डात कामाला लागेल. हुसेनसाबनं आधी निरोप्याला हाकलून दिलं होतं म्हणे. पण त्याच्या बिलालला बापाच्या जागी हमालाचा बिल्ला हवा होता, आणि यार्डात आता शिडी काय, कुलूप काय, सगळे एकाच ताटात जेवत होते. बिल्ला पाहिजे तर पड ट्रकवरून. एवढा साधा हिशेब होता.

महिपतीला सुटका नको होती असं नाही. जेलात त्यानं काय काय सोसलं होतं ते त्याचं त्याला माहीत. रात्री कुठं लोखंडी फाटक वाजलं तरी तो उठून बसायचा. कोर्टात जाताना तो बजाबाईला म्हणालासुद्धा, "गप बसतो. काय बी बोलत न्हाय."

हुसेनसाब पिंजऱ्यात उभा राहिला. उजवा हात शर्टाच्या बाहीत लोंबत होता. त्यानं महिपतीकडं बघितलंच नाही. भिंतीकडं बघत त्यानं पढवलेलं सांगितलं. "मी ट्रकवरनं पडलो. कुणी मारलं न्हाय मला." सरकारी वकिलानं दोनदा विचारलं, दोनदा त्यानं तेच सांगितलं. आवाज असा, की ऐकणाऱ्याला लाज वाटावी.

मागच्या बाकावर पृथ्वीराज पायावर पाय टाकून बसला होता. तो गालात हसला. बस्स. महिपतीच्या डोक्यात राख गेली.

"खोटं हाय!" तो उभा राहिला. वकिलानं त्याचा शर्ट ओढला, तो त्यानं हिसडून सोडवला. "खोटं बोलतोय त्यो, बाईसाहेब. त्याला बोलाय लावलंय. मी मारला त्याला. आकडा घातला आन् वढला. त्यो पाणी घिऊन आलता, आन् मी आकडा वढला!"

न्यायाधीशबाईंनी त्याला खाली बसायला सांगितलं. वकिलाशी बोल, विचार कर, म्हणाल्या. महिपती बसला नाही. "विच्यार लई झाला. काठ्या ह्या पृथ्वीराजनं वाटल्या. जीपमधनं. त्येबी ल्ह्या. किरकोळ म्हंत्यात. त्याचा खांदा किरकोळ हाय व्हय?" त्याचा आवाज फाटला आणि तो सगळ्यांसमोर रडायला लागला.

पुढची तारीख पडली, आणि जामिनावरच असल्यामुळं महिपती कोर्टाबाहेर आला. बाहेर पृथ्वीराजची पोरं थांबलेलीच होती. गेटाबाहेर पाऊल पडताच पहिला दगड महिपतीच्या भुवईवर बसला. दोन शिडीची, तीन कुलपाची, अशी पोरं त्याच्यावर तुटून पडली. वर्षापूर्वी याच पोरांनी एकमेकांची डोकी फोडली होती. आता इतक्या एकजुटीनं मारत होती की दिल्लीच्या श्रेष्ठींना भरून आलं असतं. बरगडीत लाथा बसल्या. पट्ट्याचं बक्कल तोंडावर बसलं. ओठ फाटला. महिपतीनं हात वर केला नाही. हुसेनसाब पायरीवर उभा राहून बघत होता. बराच वेळ नुसता बघत राहिला. बिलाल त्याचा शर्ट ओढत होता, "चलो अब्बा, अपने को क्या करना है."

आणि मग हुसेनसाब खाली उतरला. डाव्या हातानं त्यानं एका पोराची कॉलर धरून त्याला मागं फेकलं. दुसऱ्याला खांद्यानं ढकललं, त्या मोडक्याच खांद्यानं, आणि कळ येऊन तो स्वतःच कळवळला.

"सरका!" तो ओरडला. "तुमचं काय लागतंय त्यो? तुमचा खांदा मोडलाय काय त्यानं? ह्याला मारायचं आसंल तर मी मारीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय!"

पोरं थबकली. गेटावरचा पोलीसही आता काठी घेऊन आला, कारण आता मारणारं कुणी उरलं नव्हतं. हुसेनसाबनं महिपतीला भिंतीशी बसतं केलं, आणि डाव्या हाताची एक सणसणीत थोबाडीत दिली. मग दुसरी. मग तिसरी. महिपतीच्या तोंडातलं रक्त हुसेनसाबच्या शर्टावर उडालं. तो मारत राहिला, दात खाऊन, डोळ्यांतून पाणी काढत, आणि महिपती प्रत्येक वेळी मान सरळ करून बसत राहिला. हात दुखायला लागला तेव्हा हुसेनसाब त्याच्या शेजारी धपकन खाली बसला.

दोघंही धापा टाकत होते. बिलाल लांब उभा होता, त्याला जवळ यावं की नाही कळत नव्हतं.

"दुखलं का?" हुसेनसाबनं विचारलं.

"व्हय," महिपती म्हणाला.

"मला रोज दुखतंय," हुसेनसाब म्हणाला.