यादोरावच्या नांदीतलं मीठपाणी

आता बी पिशवीत शिवून येतं. रंगीत चित्राची पिशवी फाडायची आणि पेरायचं. पण ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळात बी घरचं असायचं, आणि माणसाची ओळख जितकी त्याच्या नावानं, तितकीच त्याच्या बियानं होत असे.

अड्याळच्या बाजूला आमचं गाव. तळ्याच्या तुडुमातून, म्हणजे मोरीतून, सुटलेलं पाणी सर्वांत आधी यादोरावच्या बांधीत, धानाच्या खाचरात, उतरायचं, म्हणून यादोराव बोलायचाही सर्वांच्या आधी. उंच, सावळा, डोक्याला पांढरा दुपट्टा. नवीन काही आलं की गावात पहिला तोच करून पाहणार. रासायनिक खत पहिलं त्यानं टाकलं, आणि बायकांनी नाकाला पदर लावला तरी त्यानं मागे पाहिलं नाही. असा माणूस गावाला हवाच असतो. त्याच्यामुळे बाकीच्यांना वाट पाहत बसायला जागा मिळते.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात तो साकोलीला शेतकऱ्यांच्या शिबिराला गेला आणि तिथून एक गोष्ट छातीशी धरून आला. बियाचं धान तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचं. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला तळाशी बसतो. वरचं काढून फेकायचं, खालचं धुऊन पेरायचं.

पाणी किती कडक आहे हे सांगायची आमच्याकडे ज्याची त्याची तऱ्हा होती. कैरीच्या खाऱ्या पाण्याला बायका जिभेचं टोक लावत. गुळाचा पाक दोन बोटांत धरून तार पाहत. कोसा उकळणारा कोष्टी सोड्याचं पाणी बोटांच्या बुळबुळीवरून ओळखी. टक्का मात्र आम्हाला धानावरचाच ठाऊक. खळ्यावर रास पडली की लोहाराचा वाटा राशीवर, म्हाल्याचा, म्हणजे न्हाव्याचा, राशीवर, कोतवालाचाही राशीवर. म्हणून तीन टक्के ऐकल्याबरोबर यादोरावच्या मनानं तो टक्का धानावर धरला. शंभर कुडो बी असेल तर तीन कुडो मीठ. पाण्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. पाणी काय, मोजून थोडंच घेतात!

रोहिणी नक्षत्रात त्याच्या अंगणात मोठी मातीची नांद भरली गेली. ज्यानं त्यानं आपलं बी आणायचं आणि आपल्या बियाचं मीठही आणायचं, असं ठरलं. पहिलं भय्याजीचं बी पडलं. थोडा पोचट दाणा वर आला, बाकी सारं खाली. लोक खूश झाले. मग घनश्यामची पाळी. तळं आटलेलं, पाणी दुरून आणायचं, म्हणून नांदीत तेच पाणी ठेवलं. मीठ मात्र नवीन पडलं.

भय्याजी म्हणाला, “यादोजी, पाणी तं तेच हाय. मीठ पुन्हा कायले?”

“तुया बियाचं मीठ तुया बियानं खाल्लं गा. घनश्यामच्या बियानं का उपाशी राहाव?”

सगळे हसले. घनश्यामचं बी अंमळ जास्त तरंगलं, पुढच्याचं त्याहून जास्त. औंदा धानच बरं भरलं नाही, असं लोक आपसात बोलू लागले.

त्या दिवशी यादोरावचा इवाई, म्हणजे व्याही, आला होता. मारोतराव. साकोलीकडच्या त्याच्या घरात यादोरावची एकुलती लेक चंद्रकांता दिली होती. मारोतरावच्या घरचं चिनोर धान म्हणजे असं, की भात शिजला की शेजारच्या घरी कळे. ते बी त्यानं खांद्यावर टाकून बसनं आणलं होतं. पाहुण्याचं बी म्हणून यादोरावनं ते शेवटी मानानं घेतलं. आमच्याकडे धान मोजून दिलं की वरून एक मूठ जास्त घालतात. त्या रीतीनं यादोरावनं इवायासाठी मिठाचीही एक मूठ वरून घातली.

बी पडलं आणि सारंच्या सारं वर आलं. बारीक, हलका दाणा तो. नांदीवर साय धरावी तसं चिनोर पसरलं.

“अरे बापा,” घनश्याम ओरडला, “हे तं पोह्यावानी तरंगून राहिलं!”

हसू उठलं. मारोतराव हसला नाही. “इवाई,” तो म्हणाला, “माया घरचं बी पोचट हाय, हे गावाले दाखवाले बलावलं काय मले?”

यादोरावनं इथं गप्प राहायला हवं होतं. पण शिबिराचा ताठा अजून मानेत होता. “मी काय करू इवाई? पाणी कोणाचं तोंड पाहून बोलत नाही.”

“बरं. मंग हे पोचट तुमच्या बैलाले चारा. अन् पोचट घरातून तुमची पोरगी पोळ्याले माहेरी न्यावाले येऊ नका.” मारोतरावनं वहाणा पायात सरकवल्या. पुढे केलेला चहा तसाच राहिला.

यादोरावची बायको कुंताबाई दाराआड सगळं ऐकत होती. दिवस कलल्यावर बैलांसाठी तिनं तरंगलेलं धान सुपात काढलं आणि एक दाणा सवयीनं दाताखाली धरला.

“अवो, इकडे या. हे पोचट हाय? दाताले तांदूळ लागते!”

यादोरावनं दाणा फोडला. आणखी एक फोडला. भरलेला.

“अन् माये हात पाहा. भेगा कशा झोंबून राहिल्या! आता याच्यात आंबे घाला, सालभर टिकतीन.”

त्यानं गुंडभर ताजं पाणी घेतलं, बेतानं मीठ विरघळवलं आणि चिनोरची मूठ सोडली. दाणे शहाण्या लेकरांसारखे तळाशी जाऊन बसले. त्यानं हात घालून ते चाचपले. मग म्हणाला, “टक्का पाण्याचा होता, कुंता. मी धानाचा धरला.”

“टक्का कोणाचाबी असो. माई पोरगी पोळ्याले आली पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी तो घरोघर सांगत फिरला, की वरचं बी फेकू नका, चूक माझी. ताठ माणसाला असं फिरणं किती जड, हे त्याच्या पायांनाच ठाऊक. घनश्यामनं त्याला सोडलं नाही. “तरी म्हणतो, माया कोंबड्या एवढ्या काहून फुगल्या!”

इवायाचं चिनोर त्यानं पुन्हा पुन्हा धुतलं आणि आपल्या परह्यातला, रोपं वाढवायच्या वाफ्यातला, सर्वांत चांगला कोपरा त्याला दिला. पोपटी रोपं वर आली. कुंताबाई रोज तिथं जाऊन उभी राहायची, जणू लेकच तिथं वाढत होती.

रोवण्याच्या दिवसांत एका पहाटे यादोरावनं रोपांच्या जुड्या ओल्या तरटात बांधून बैलबंडीत घातल्या आणि साकोलीकडे निघाला. दिवस उतरता तो मारोतरावच्या बांधीवर पोचला. बायका ओळीनं वाकून रोवत होत्या. त्यांत चंद्रकांता होती. बापाला पाहून तिचा हात थांबला, पण ती उठली नाही.

यादोराव बांधाच्या धुऱ्यावर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “इवाई, बी तुमचं भरलेलंच होतं. पाणीच मी बिघडवलं. हे घ्या तुमचं चिनोर.”

मारोतरावनं एक पान तोडलं, बोटांत चुरलं, नाकाशी नेलं. वास घरचाच होता.

“साकोलीच्या शिबिरात चिखलात उतराले शिकवते का नाही?” त्यानं विचारलं.

यादोरावनं धोतर खोचलं आणि बांधीत उतरला. मारोतरावही उतरला. एक बांधी त्यानं रिकामी ठेवली होती. कशासाठी, ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. दोघे इवाई शेजारी वाकून रोवू लागले. थोड्या वेळानं मारोतराव मान न उचलता ओरडला, “सूनबाई! तुया बापाले सांग, पोळ्याच्या चार दिवस अगोदर बंडी घेऊन येजो म्हणा. ऐन पोळ्याले आला तं धाडणार नाही!”

“हो मामाजी,” चंद्रकांता म्हणाली, आणि बापाकडे न पाहता पुढची जुडी सोडली.